क्रिप्टो मेनिंजायटिस आणि एआरटी : दादरच्या वाचकांना उत्तर

"एसीत बसून पेशंटचे जीव घेणारे सल्ले देऊ नका." क्रिप्टोकॉकल मेनिंजायटिस म्हणजे एचआयव्हीच्या रुग्णांना होणारा, मेंदूच्या आवरणाचा बुरशीचा संसर्ग. त्यात एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या, नव्याने सुरू करायला चार-सहा आठवडे थांबा, असं मी लेखात लिहिलं होतं. त्याखाली तुमच्या प्रतिक्रियेची सुरुवातच अशी. मतभेद असू द्या, ही भाषा कशाला? मुंबईच्या वॉर्डांत अशा रुग्णांच्या पाठीतलं पाणी (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव) मी वर्षानुवर्षं काढत आलोय. एक मान्य : शीर्षकात 'मेंदूचे संसर्ग' हे मोघम होतं. टॉक्सोप्लाज्मोसिस या मेंदूच्या दुसऱ्या संसर्गामध्ये एआरटी दोन आठवड्यांच्या आत सुरू करतात, तिथे एवढं थांबत नाहीत.

आता तुमचं ते वाक्य : "पाण्यात एवढा व्हायरल लोड असताना चार-सहा आठवडे गोळ्या रोखणं म्हणजे मेंदू एचआयव्हीच्या हवाली करणं." व्हायरल लोड म्हणजे विषाणूचं प्रमाण. पण तो विषाणू पाण्यात आला कुठून? मेंदूच्या आवरणाला सूज आली की रक्तातल्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी पाण्यात उतरतात आणि एचआयव्हीला सोबत आणतात. पेशी जास्त, तर लोडही बहुधा जास्त. त्या आकड्यात सुजेचा वाटा मोठा असतो. नुसत्या आकड्यावर एआरटीची तारीख ठरत नाही.

ती ठरते रुग्ण जगतो की नाही यावर. युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या १७७ रुग्णांची 'कोट' चाचणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. एक-दोन आठवड्यांतच एआरटी सुरू केलेल्यांपैकी २६ आठवड्यांत ४५ टक्के दगावले. पाच आठवड्यांच्या सुमारास सुरू केलेल्यांपैकी ३० टक्के. आणि सर्वांत जास्त फटका कोणाला? ज्यांच्या पाण्यात पांढऱ्या पेशी पाचपेक्षा कमी होत्या त्यांना. म्हणजे विषाणू वाहून आणणाऱ्या पेशीच जिथे जेमतेम होत्या, तिथेच घाई सर्वांत महागात पडली. तुमच्या तर्कात हे कुठे बसतं, सांगा.

सुरुवातीच्या दिवसांत जीव वाचतो तो बुरशी मारून आणि डोक्यातला दाब उतरवून. रुग्णाला कुशीवर झोपवून दाब मोजायचा. बसवून मोजला तर आकडा खोटा वाढतो. २५ सेंटीमीटरच्या वर असेल तर पाणी काढून तो २० च्या खाली, फारच जास्त असेल तर निम्म्यावर आणायचा. त्यासाठी २०-३० मिलिलिटरही काढावं लागतं, आणि दाब पुन्हा चढला तर दुसऱ्या दिवशी परत. नातेवाईक "सुईने माणूस लुळा पडतो" म्हणत सहीला नकार देतात आणि इकडे रुग्णाची नजर जाते. तुम्हीही प्रतिक्रियेत तीच भीती पसरवलीत, याचा मला खरोखर राग आला.

"गोळ्या बंद करा" असं मी कुठेही लिहिलेलं नाही. लेख पुन्हा वाचा. आधीपासून एआरटीवर असलेल्याच्या गोळ्या चालूच राहतात. थांबायचं ते नव्याने सुरू करताना.

बाकीच्या मुद्द्यांना दोन ओळी पुरेत. डेक्सामेथासोन हे सूज उतरवणारं स्टेरॉइड क्रिप्टोमध्ये नियमित देत नाहीत, त्याची चाचणी अपाय दिसल्याने मध्येच थांबवावी लागली होती. टीबी मेनिंजायटिसमध्ये मात्र देतात, आणि रिफॅम्पिसिन हे टीबीचं औषध चालू असेल तर डोल्युटेग्राविर हे एचआयव्हीचं औषध ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा लागतं. अॅम्फोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध सलाईनमध्ये का मिसळत नाहीत? साका धरतो म्हणून. ते पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्येच चढवतात.