कुटुंबाची पीएचडी

अमेरिकेतल्या मिनेसोटात रात्रीचे बारा वाजले की आपल्याकडे सकाळचे साडेअकरा होतात. डिसेंबरातलं हे गणित आता मी मेल्यावरही विसरणार नाही. तिथल्या विद्यापीठातल्या फॅमिली सोशल सायन्सच्या, म्हणजे कुटुंबाच्या अभ्यासाच्या, पीएचडीच्या अर्जाचा शेवटचा दिवस, घरी लाईन गेलेली, आणि मी गावातल्या रेशन दुकानात. दुकानदाराच्या पोरानं गव्हाच्या कट्ट्यांशेजारीच ऑनलाईनचं दुकान टाकलंय. निबंध, मार्कशीटा, तीन शिफारसपत्रं, सगळं चढलेलं. फी तेवढी राहिली होती.

बाजूला एक काका रेशन कार्डाच्या केवायसीला बसलेले. कापूस वेचून बोटं अशी खरवडलेली की मशीनला अंगठाच सापडेना. पोरगा म्हणे, "काका, केसाले घासा." काका अंगठा केसांवर घासत आणि मधल्या वेळात माझ्या स्क्रीनमध्ये डोकावत.

"कायचा फारम हाय बेटा?"

"पीएचडीचा."

"कायच्यात?"

"कुटुंबात."

"बाप्पा! त्याच्यात शिकाले काय हाय? लगन कर, सा मयन्यात समजते."

पोरगा खदाखदा हसला. मीही हसले, शहाण्या मुलीसारखी. हा विनोद मी आत्यापासून बँकेतल्या शिपायापर्यंत सगळ्यांकडून ऐकलाय. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात तुरीवर पीएचडी करणाऱ्याला कोणी 'जाय, डवरण कर' म्हणतं का?

शिफारसपत्रांचं कळल्यावर तर काका खुर्ची ओढून जवळच आले. "तीनच? चवथं मी देतो. पोलीस पाटील आपलाच हाय, शिक्का मारून देते. पोरगी सालस हाय, धुऱ्यावरून कोनाशी भांडन नाही, असं ल्हिवू."

तेवढ्यात कार्ड नाकारलं गेलं. २०२० पासून नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार आधीपासूनच बंद असतात, ते आपण चालू करायचे. चालू करायला ओटीपी. ओटीपी बाबांच्या फोनवर. बाबा वावरात.

"काका, जरा गप्प बसा ना!" माझा आवाज चढलाच.

ते बसले. अंगठाही उमटला.

"आता तुमच्या लहान्या भावाचा," पोरगा म्हणाला.

"तो सुरतले गेला. आठ वर्सं झाले. ना फोन, ना चिठ्ठी. त्याची बायको अजून कुंकू लावते."

"मंग नाव कटते त्याचं."

माझ्या निबंधाचा दुसरा परिच्छेद यावरच होता. पॉलिन बॉस या मिनेसोटाच्याच निवृत्त प्राध्यापक. माणूस गेला की आहे हेच ठरत नाही तेव्हा घरातल्यांचं काय होतं, हे त्यांनी १९७० च्या दशकात मांडलं. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या बायका, असं उदाहरण मी तीन रात्री घासून घासून लिहिलं होतं.

११ वाजून २१ मिनिटांनी बाबांचा फोन आला, ओटीपी मिळाला, अर्ज गेला. काका मशीनसमोरच बसून होते. मला काहीतरी बोलायचं होतं, सुचलं नाही.

पोरानं चाळीस रुपये मागितले.

"प्रिंट तर काढलीच नाही!"

"अमेरिकेचं काम हाय ना ताई."

दिले.