ऑपरेशन एकाचं, तयारी अख्ख्या घराची

ज्यांच्या घरात कुणाचं वजन कमी करायचं ऑपरेशन झालंय किंवा ठरलंय, त्यांच्यासाठी लिहितेय. पेशंटला सर्जन सांगतात, डाएटिशियन सांगते, समुपदेशक सांगतात. घरच्यांना मात्र कुणी समोर बसवून सांगत नाही. आणि हे ऑपरेशन पुढे नीट निभावतं की नाही, ते बरंचसं घरच्या स्वयंपाकघरात ठरतं, असं माझं ठाम मत आहे. माझं स्लीव्हचं ऑपरेशन होऊन काही वर्षं झालीत, त्यावरून बोलतेय.

आधी पोटात नेमकं काय होतं ते बघा. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून बाहेर काढतात. उरते ती केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी. कापलेला भाग परत जोडता येत नाही. भूक लागल्याची जाणीव करून देणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होतं, म्हणून सुरुवातीचे महिने अनेकांना भूकच जाणवत नाही. बायपास या दुसऱ्या प्रकारात जठराची छोटीशी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. तिथे खाणं कमी जातंच, शिवाय खाल्लेल्यातली सत्त्वंही कमी शोषली जातात.

आता तयारीचं. तारीख ठरली की आपल्याकडे हमखास दोन गोष्टी सुरू होतात. एक, "मंग खाता येणार नाही ना वं, आत्ताच मन भरून खाऊन घे." म्हणजे सावजी मटण, तर्री पोहे, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात संत्रा बर्फीचा डबा. दुसरी, "अंगात ताकद पाहिजे" म्हणून शिरा आणि डिंकाचे लाडू. दोन्ही प्रेमापोटीच होतं, पण दोन्हींनी नुकसान होतं. ऑपरेशनच्या आधी साधारण दोन आठवडे भात, पोळी, साखर जवळपास बंद करून प्रोटीनवर ठेवतात, त्याला कारण आहे. वजन खूप असलं की बहुतेकांच्या यकृतात चरबी साठलेली असते, यकृत मोठं झालेलं असतं. त्याचा डावा भाग नेमका जठरावर पसरलेला असतो आणि दुर्बिणीनं ऑपरेशन करताना सर्जनला तो उचलून धरावा लागतो. त्या दोन आठवड्यांच्या आहारानं यकृत आकसतं, आत काम करायला जागा मिळते. तेव्हा त्या दिवसांत आग्रहानं भरवलेला लाडू थेट ऑपरेशन टेबलवर आडवा येतो.

आणि खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू घोटून केलेली ती पुडी! तपासण्यांच्या रांगेत माझ्या शेजारी एक काका असायचे. डॉक्टरांनी तंबाखू बंद सांगितली तर म्हणाले, "मी सिगारेट कुठं पितो, खर्राच तर खातो." अहो काका, खर्ऱ्यातही तंबाखूच असते. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, आतले टाके भरून यायला वेळ लागतो, पुढे अल्सरचा धोका वाढतो. काही आठवडे आधी सोडायची ती कायमचीच. ज्यांची दोस्ती पानठेल्यावर जमते, त्या दोस्तांनी निदान त्याच्यासमोर पुडी काढू नये, एवढं तरी करा.

पैशाचं थोडक्यात सांगते, कारण यात लोक फसतात. विमा नियामकाच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे या ऑपरेशनचा खर्च विम्यातून मागायचा तर वय १८ किंवा जास्त आणि बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, ते सांगणारा आकडा) किमान ४० लागतो, किंवा किमान ३५ आणि सोबत ताब्यात न येणारा मधुमेह, हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्नियासारखा (झोपेत श्वास अडण्याचा) गंभीर आजार. उंची १६० सेंटिमीटर असेल तर बीएमआय ४० म्हणजे साधारण १०२ किलो. डॉक्टर मंडळींचे निकष याहून खाली आलेत. २०२२च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत ३५च्या वर सरसकट आणि मधुमेहासारखे आजार असतील तर ३०पासून विचार करायला सांगितलंय, आशियाई लोकांसाठी त्याहून कमी. म्हणजे डॉक्टर "करा" म्हणतील आणि विमा कंपनी "नाही" म्हणेल, असं होऊ शकतं. ॲडमिट होण्याआधी कंपनीकडून लेखी घ्या. आमच्या नागपुरात धंतोली-रामदासपेठेत दवाखाने भरपूर आहेत, पण पॅकेजचा आकडा विचारताना पुढच्या वर्षांच्या तपासण्या आणि डाएटिशियन त्यात धरलेत का, हेही विचारा.

(वजनाच्या इंजेक्शनांबद्दल बरेच जण विचारतात. तो वेगळा विषय आहे, त्यावर पुन्हा कधी.)

घरी आल्यावर पहिले साधारण दोन आठवडे फक्त पातळ, मग गुळगुळीत वाटलेलं, मग मऊ, आणि मग हळूहळू नेहमीचं. इथे आपल्या बायकांचा एक फार जुना विश्वास आड येतो, तो म्हणजे वरणावरचं पाणी. आजारी माणसाला ते देतात म्हणून इथेही वाटी-वाटी तेच. त्यात प्रोटीन नावालाच असतं, सगळं खाली डाळीत राहतं. आणि अशा पेशंटला दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन लागतं, तेही दोन-चार चमच्यांच्या जेवणांतून. माझ्या सासूबाईंनी हे समजून घेतलं. मुगाची डाळ पूर्ण घोटून गाळायच्या, त्यात डॉक्टरांनी दिलेली बिनवासाची प्रोटीन पावडर फेटायच्या, आणि गुठळी राहिली की पुन्हा गाळायच्या. नंतर पनीर कुस्करून, दही, मऊ अंडं. ताटात आधी प्रोटीन, मग भाजी, जागा उरली तर पोळीचा तुकडा.

पाण्याचं तर विचारूच नका. जेवणाआधी आणि नंतर अर्धा-अर्धा तास पाणी नाही, आणि एरवीही घोट-घोटच. घटाघटा पिता येत नाही, छातीत कळ येते. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५च्या पुढे गेलेला असताना, उन्हातून घरी येऊन एवढा-एवढा घोट घेत बसायचं म्हणजे काय ते ज्यानं केलं त्यालाच माहीत. मी बाटली दिवसभर हातातच ठेवते आणि तहान लागायची वाट बघत नाही. ऑपरेशनची तारीख तुमच्या हातात असेल तर पहिले दोन महिने उन्हाळ्यात येणार नाहीत असं बघा, हे माझं कळकळीचं सांगणं आहे.

मग येतो आग्रह. महालक्ष्म्यांच्या जेवणाला आमच्याकडे पूर्ण पंगत असते. सोळा भाज्या, कढी, आंबील, पुरणपोळी. ऑपरेशननंतरच्या पहिल्या वर्षी मी दोन चमचे कढी आणि पुरणाचा कणभर घास घेऊन थांबले. वाढणारी मावशी पोळी हातात धरून उभीच. "एवढ्याशानं काय होते? देवीचा प्रसाद हाय, नाही म्हणू नये." एवढ्याशानं खूप काही होतं हो. नळीत जागा नसताना घातलेला घास अडकतो, तोंडाला पाणी सुटतं, उठून बेसिनकडे पळावं लागतं. बायपासवाल्यांना गोडानं छातीत धडधड, घाम, चक्कर, जुलाब असा सगळा प्रकार होऊ शकतो. त्या दिवशी सासूबाईच मावशीला म्हणाल्या, "तिनं घेतला प्रसाद. तू पुढं चाल." हे वाक्य पेशंटला स्वतः म्हणावं लागू नये, घरातल्या मोठ्या माणसानं म्हणावं.

गोळ्या आयुष्यभर असतात. मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, लोह, कॅल्शियम, डी. "आता तर बारीक झाली, कायले खातेस गोळ्या?" असं कृपा करून म्हणू नका. बी-१२ कमी पडलं तर पायांना मुंग्या येतात, नसांवर परिणाम होतो आणि तो लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. उलट्या थांबतच नसतील तर ओवा-लिंबू करत घरी बसू नका. बी-१ संपून मेंदूला इजा होऊ शकते, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अंगदुखीची गोळी मेडिकलमधून परस्पर आणून देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी विशेषतः बायपासनंतर अल्सर होतो.

केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून गळतात. प्रोटीन आणि लोह नीट असेल तर बहुधा परत येतात. त्यावर शेरे नकोत, ती बाई रोज कंगवा बघतेच आहे.

आणि सासवांनो, आयांनो, तुमच्याशी स्पष्ट बोलते. वजन उतरल्यावर पाळी नियमित होते, दिवस राहण्याची शक्यता वाढते, आणि लगेच घरात सुरू होतं, "आता हलू दे पाळणा." डॉक्टर १२ ते १८ महिने थांबायला सांगतात. शरीरातले साठे झपाट्यानं उतरत असताना त्यावर गर्भ वाढवायचा हा आई आणि बाळ दोघांनाही धोका आहे. पोरीवर दबाव टाकू नका. नवऱ्यांनी तर यात बायकोच्या पुढे उभं राहायला हवं.

पहिल्या दीड-दोन वर्षांनंतर थोडं वजन परत चढणं नेहमीचंच आहे. तेव्हा "गेले पैसे पाण्यात" म्हणण्याऐवजी तिला पुन्हा डाएटिशियनकडे घेऊन जा. जाताना घरात जो कुणी स्वयंपाक करतो त्याला सोबत न्या, तेल आणि साखर महिन्याला किती लागते ते खरं सांगा, आणि शेवटच्या रक्ततपासणीचा कागद पिशवीत टाका. कुणाचं ऑपरेशन जवळ आलं असेल आणि घरच्यांना कसं समजवावं सुचत नसेल, तर मला मेसेज करा. तुमच्या आईशी, सासूशी मी फोनवर बोलेन.