‘नवी सायकल आहे, आवाज आपोआप जाईल’: नाही जाणार

नव्या रोड बाइकच्या आवाजाबद्दलचा तो मेसेज पुन्हा फिरतोय आणि या वेळी थेट घरात पोचलाय. भाचीनं नवी सायकल घेतली, पेडल मारताना कटकट येते म्हणाली, तर कुणीतरी तत्परतेनं तोच तिला पाठवला. त्यातले सल्ले थोडक्यात असे: पहिले 500 किलोमीटर हात लावू नका, पार्ट ‘सेट’ होतात, गिअर खरखरले तर डिरेलरचे (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाचे) स्क्रू फिरवा, चेनवर डब्ल्यूडी-40चा स्प्रे मारा, तरी कटकट राहिली तर बॉटम ब्रॅकेट (पेडलांच्या मधला, फ्रेममधला बेअरिंगचा भाग) गेला समजा, आणि चेनवरचं कंपनीचं ग्रीस रॉकेलनं धुऊन टाका.

‘500 किलोमीटर हात लावू नका.’ बाकीचे सल्ले चुकीचे आहेत, हा धोक्याचा आहे. क्रँक म्हणजे पेडल ज्याच्या टोकाला बसतं तो दांडा. सायकलचे पार्ट बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या क्रँकसोबत येणाऱ्या सूचनांत नेमकं उलट लिहिलंय: डाव्या क्रँकचे दोन बोल्ट आलटूनपालटून, टप्प्याटप्प्यानं 12 ते 14 न्यूटन-मीटरपर्यंत (हे आवळण्याच्या जोराचं माप) आवळा आणि साधारण 100 किलोमीटर चालवल्यावर पुन्हा तपासा. क्रँक बनवणारे 100वर तपासा म्हणतात, फॉरवर्ड करणारे 500 होऊ द्या म्हणतात. कुणाचं ऐकायचं ते तुम्हीच ठरवा.

हे बोल्ट ढिले राहिले तर काय होतं? दोन्ही क्रँकना जोडणारा ॲक्सल स्टीलचा, क्रँक ॲल्युमिनियमचा, आणि दोघांची पकड बारीक खाचांवर. बोल्ट सैल असले की प्रत्येक फेऱ्यात क्रँक केसभर पुढेमागे हलतो आणि स्टीलच्या खाचा ॲल्युमिनियमच्या खाचा खात जातात. सुरुवातीला ऐकू येते ती फक्त एक ‘कट्’, तीही जोर लावल्यावरच. खाचा झिजल्या की मग बोल्ट कितीही आवळा, पकड येत नाही, क्रँक भंगारात. चढावर उभं राहून जोर लावताना तो निखळला तर पडणार कोण, हे सांगायला नको.

तपासायला अवजारही लागत नाही. क्रँक पेडलच्या टोकाशी धरा आणि फ्रेमच्या दिशेनं आत-बाहेर हलवून बघा. डावा एकटाच हलला तर बोल्ट ढिले. दोन्ही क्रँक एकदम हलले तर प्रीलोड कॅप (डाव्या क्रँकच्या बाहेरच्या तोंडावरची टोपी) किंवा बॉटम ब्रॅकेटचे कप (बेअरिंग धरणाऱ्या वाट्या) बघायचे. कॅप घट्ट करायची असेल तर आधी दोन्ही बोल्ट सैल करा. ही प्लॅस्टिकची टोपी फक्त 0.7 ते 1.5 न्यूटन-मीटरवर बसते, म्हणजे बोटांचा जोर पुरतो. पिळून बसवली तर बेअरिंगवर दाब येऊन क्रँक जड फिरतो. मग डाव्या क्रँकच्या फटीतल्या सेफ्टी पट्टीची पिन भोकात नीट बसवा आणि शेवटी बोल्ट, तेही टॉर्क रेंचनंच (जोर मोजून आवळणारा पाना). हे आकडे शिमानोच्या दोन बोल्टवाल्या क्रँकचे. दुसऱ्या कंपनीचा असेल तर त्याचा आकडा बघा.

‘पार्ट सेट होतात’ यात अर्धं सत्य आहे, नाइलाजानं मान्य करतो. केबलवाल्या गिअरांची सेटिंग पहिल्या काही राइडमध्ये सरकते. लोक म्हणतात केबल ताणली. खरं तर बाहेरच्या नळीची टोकं आपापल्या टोप्यांत दबून बसतात आणि केबल तेवढी सैल पडते. पण हा बिघाड आपोआप वाढतो, आपोआप जात नाही.

त्यावर ‘स्क्रू फिरवा’ हा दुसरा सल्ला. डिरेलरवरचे एच आणि एल हे स्क्रू फक्त दोन टोकांच्या मर्यादा ठरवतात. मधल्या गिअरांच्या खरखरीशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. एल उगाच सैल केलात तर चेन किंवा डिरेलर थेट स्पोकमध्ये. फिरवायचा तो केबल शिरते तिथला बॅरल ॲडजस्टर: चेन मागच्या मोठ्या दातेरी चकतीवर चढायला कुरकुरत असेल तर मागून बघता घड्याळाच्या उलट पाव फेरा, छोट्या चकतीवर उतरायला अडत असेल तर सुलट पाव फेरा. तरीही कुठला ना कुठला गिअर खरखरतच राहिला तर हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा धातूचा तुकडा) वाकलाय का बघा. खोक्यातून येताना डिरेलरला धक्का बसणं नेहमीचंच. हँगरचं गेज लावून रिमच्या चारही बाजूंना अंतर मोजायचं. फरक 4 मिलिमीटरच्या आत हवा. आणि पुढे छोटी चेनरिंग (क्रँकजवळची दातेरी चकती), मागे सगळ्यात छोटी चकती असताना चेन मोठ्या चेनरिंगला घासत असेल, तर तो बिघाड नाही. गिअर बदला.

डब्ल्यूडी-40: 1953 साली पाणी हटवण्यासाठी बनलेलं मिश्रण. थोडं वंगण त्यात असतं, म्हणून आवाज तासाभरासाठी बंद होतो आणि मेसेज खरा वाटतो. चेनसाठी ती कंपनी स्वतःच वेगळं ल्यूब विकते, यातच काय ते आलं. शिवाय फवारा ब्रेकच्या डिस्कवर उडाला तर ब्रेक पॅड तेलकट होतात, आणि मग ब्रेक किंचाळतात, पकडही जाते.

‘कटकट म्हणजे बॉटम ब्रॅकेट गेला.’ नव्या सायकलमध्ये हा संशयितांच्या यादीत शेवटचा. पोकळ फ्रेममधून आवाज प्रवास करतो आणि सगळंच पायाखालून आल्यासारखं वाटतं. आधी लय ऐका. सीटवरून उठल्यावर थांबला तर सीटपोस्ट किंवा सीटचा क्लॅम्प. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा येत असेल तर पेडल, चेनरिंगचे बोल्ट, किंवा पुढच्या डिरेलरच्या केबलचं उरलेलं टोक क्रँकला टेकतंय (हे हसण्यासारखं आहे, पण फार सापडतं, टोक वाकवा, काम झालं). सव्वादोन फेऱ्यांनी एकदा येत असेल तर चेनची एखादी कडी अडकतेय: 108 कड्यांची चेन 50 दात्यांच्या चेनरिंगवरून पुरती फिरायला साधारण तेवढेच फेरे लागतात. ती कडी बहुधा चेन जोडलेल्या जागीच मिळते. पेडल काढून आट्यांना ग्रीस लावा आणि 35 ते 55 न्यूटन-मीटरवर बसवा. डाव्या पेडलचे आटे उलटे. मागच्या चाकाचा ॲक्सल आणि कॅसेटची (मागच्या चकत्यांच्या संचाची) लॉकरिंग, म्हणजे तो संच धरून ठेवणारी रिंग, बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर नेमकं कशानं थांबलं ते कळणार नाही.

राहता राहिलं रॉकेल. कंपनीचं ग्रीस चेनच्या रोलरच्या (कड्यांमधल्या छोट्या नळ्यांच्या) आत, जिथं ते खरं लागतं, तिथं भरलेलं असतं. बुडवून धुतलं की तेच जातं, आणि बाहेरून घातलेलं ल्यूब सहजी तिथवर पोचत नाही. काही दिडशहाणे त्याच्या पुढे जाऊन गंज काढायचं द्रव वापरतात. आम्ल किंवा अल्कलीच्या द्रवानं चेन तुटू शकते, असा शिमानोचा स्पष्ट इशारा आहे. बाहेरचा चिकटपणा कोरड्या फडक्यानं पुसा, बस्स. ते ग्रीस संपून चेन कोरडी वाजायला लागली, की प्रत्येक रोलरवर एक थेंब ल्यूब, थोडं उलटं पेडल, काही तास थांबून वरचं सगळं पुसून काढा.