‘जर्मनमध्ये बी.ए. म्हणजे तीन वर्षे वाया’ : एका दाव्याचा प्रतिवाद

बारावीचा निकाल लागला की पुण्यातील पालकांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा : ‘जर्मनांना इंग्रजी येते, भाषांतर आता यंत्र करते, आणि व्हिसापुरती भाषा क्लासमध्ये सहा महिन्यांत येते, मग विद्यापीठात जर्मन शिकून तीन वर्षे कशाला घालवायची?’

पहिले विधान अर्धे खरे आहे. अभियांत्रिकीचे पुष्कळ पदव्युत्तर अभ्यासक्रम जर्मनीत इंग्रजीतून चालतात. मात्र सरकारी विद्यापीठांतील पदवीचे शिक्षण बहुतांशी जर्मनमधूनच होते. शिवाय प्रशासनाची भाषा जर्मन असेल असे तेथील कायदाच सांगतो, त्यामुळे सरकारी कचेरीतून येणारे पत्र इंग्रजीत येईल या भरवशावर कोणी राहू नये.

यंत्राबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. ‘उम्फारेन’ या जर्मन क्रियापदात आघात पहिल्या अक्षरावर दिला तर अर्थ होतो गाडीखाली पाडणे, आणि दुसऱ्यावर दिला तर वळसा घालून जाणे. लिहिताना मात्र दोन्ही मूळ रूपे सारखीच दिसतात. दुसरी अडचण आपल्या अधिक जवळची आहे. मराठीतील ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ इंग्रजीत गेले की एकाच शब्दात विरतात, पण जर्मनने ‘डू’ (तू) आणि ‘झी’ (आपण) हा भेद राखला आहे, आणि चाकणच्या कारखान्यातून जर्मनीतील मुख्यालयाला गेलेल्या पत्रात तो चुकला तर व्याकरण निर्दोष असूनही पत्र खटकते. यंत्राने दिलेला मजकूर बरोबर आहे की नाही, हे ठरवायला भाषा जाणणारा माणूस लागतोच.

सहा महिन्यांचा हिशेब तर साध्या गणितातही बसत नाही. पुण्यात मॅक्सम्युलर भवन चालवणारी ग्योथे संस्था बी-२ पातळीसाठी (युरोपीय मोजपट्टीवरील सहांपैकी चौथी पातळी) पंचेचाळीस मिनिटांच्या सुमारे ६०० ते ८०० तासिका सुचवते. आठवड्याचे पाच दिवस रोज दोन तासिका धरल्या, तरी साठ ते ऐंशी आठवडे होतात. अर्थात, ज्याला केवळ परदेशी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी भाषा हवी आहे, त्याने बी.ए. करावे असे मी म्हणणार नाही; त्याला ‘रानडे’तील, म्हणजे पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागातील, प्रमाणपत्र आणि पदविका अभ्यासक्रम पुरेसे आहेत, आणि ते दुसरी पदवी करता करता पूर्ण होतात.

भाषा अवघड असल्याची भीतीही या संदेशाला जोडलेली असते. ती मराठी विद्यार्थ्याने तरी फार मनावर घेऊ नये. हिंदीने सोडून दिलेले नपुंसकलिंग मराठीने जपले आहे, त्यामुळे ‘ते मूल’ म्हणणाऱ्याला ‘दास किंड’ (मूल, तेही नपुंसकलिंगीच) मुळीच विचित्र वाटत नाही. हातमोज्याला जर्मन माणूस ‘हाताचा जोडा’ अशा अर्थाचा सामासिक शब्द वापरतो, हे कळल्यावर वर्गात सहसा हशा पिकतो.

माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. हा संदेश जर्मन भाषेचे मोल केवळ व्हिसाने मापतो. पदवीच्या वर्गात मात्र साहित्य, भाषाविज्ञान, इतिहास आणि अनुवाद यांचा अभ्यास होतो, आणि त्याचा उपयोग पुण्याला घरबसल्याही झाला आहे. जर्मन संस्कृतज्ञ फ्रान्झ कीलहॉर्न डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवत होते आणि पुढे ग्यॉटिंगेनला गेले; इरावती कर्वे यांनी मानवशास्त्रातील संशोधन बर्लिनमध्ये केले. जर्मन भारतविद्या अभ्यासक गुंथर सोंथायमर धनगरांच्या वाड्यांवर हिंडले, आणि बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या आपल्या दैवतांवरील त्यांचा ग्रंथ १९७६ मध्ये जर्मन भाषेत निघाला. त्याचा इंग्रजी अनुवाद १९८९ मध्ये आला. मधली तेरा वर्षे जेजुरीच्या खंडोबावरील हे संशोधन मुळातून वाचण्यासाठी पुण्याच्या अभ्यासकाला जर्मनच यावी लागत होती, आणि भारतविद्येवरील जर्मन लेखनाचा मोठा भाग आजही अनुवादाविना पडून आहे.