‘सात दिवसांत घर विका’ म्हणणाऱ्या मेसेजला एका दस्तलेखकाचं उत्तर

सांगलीतल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. ‘बाजार थंड आहे? तरीही सात दिवसांत घर विका’ असं वर ठळक, खाली पाच उपाय आणि शेवटी हात जोडलेले. मला तो चौघांनी पाठवला. त्यातले दोघं तसं करायला निघालेच होते, म्हणून हे लिहितोय. दस्त लिहिणं हा माझा धंदा आहे, आणि या पाच उपायांनी बिघडलेली प्रकरणं शेवटी माझ्याच टेबलावर येतात.

पहिला उपाय: ‘गिऱ्हाईक आलं की नोटरीवर साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र करा, ताबा द्या, मोकळे व्हा. खरेदीखत सावकाश.’

साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार, कुलमुखत्यारपत्र म्हणजे तुमच्या वतीने सही करायचा अधिकार. मोकळं कोण होतं? शंभर रुपये आणि त्यावरच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, हे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो. कुलमुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं. म्हणजे घरात राहणार तो आणि मालमत्ता पत्रकावर नाव तुमचं. घरपट्टी थकली की नोटीस तुम्हाला. मधल्या काळात तुमचं बरंवाईट झालं तर मुखत्यारपत्र बहुधा तिथंच संपतं आणि तो माणूस तुमच्या पोरांच्या दारात उभा राहतो. खर्च वाचतो म्हणाल तर तोही नाही, कारण ताबा दिलेल्या साठेखताला मुद्रांक खरेदीखताइतकाच लागतो.

शिवाय घाई असेल तर हा उपाय उलटाच पडतो. नोटरीच्या कागदावर बँक कर्ज देत नाही. कर्ज काढून घर घेणारे शिक्षक, कारखान्यातले कामगार, सरकारी नोकर सगळे बाजूला होतात. उरतो रोखवाला, आणि तो तुमची नड बघूनच भाव बोलतो.

माझ्या टेबलावर व्यवहार अडतो तो बहुतेकदा कागदावर, बाजारावर नाही. वडील जाऊन दहा वर्षं झाली, वारसनोंद नाही. बहिणीची सही लागणार हे कुणाच्या डोक्यातच नसतं. आणि सांगली-कुपवाडकडे नेहमीचं दुखणं म्हणजे गुंठेवारी, परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडून विकलेले प्लॉट. २००१ च्या कायद्याखाली नियमितीकरण करून घेता येतं. २०२१ मध्ये मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना वाव दिला, तरी पुष्कळांनी अर्जच केलेला नाही. नियमितीकरणाचा दाखला, वारसनोंद, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (मागच्या दस्तांची तपासणी), घरपट्टीची पावती एवढं गिऱ्हाईक यायच्या आधी फाइलीत असेल, तर संचकारापासून (विसारापासून) खरेदीखतापर्यंतचे महिने वाचतात. घाई करायची ती इथं करा.

दुसरा: ‘निम्मे रोख घ्या आणि दस्त रेडीरेकनरच्या खाली दाखवा, कर वाचतो.’

घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. दंड होतो तो घेणाऱ्याला, आणि घेतलेल्या रकमेइतका. दस्ताच्या आकड्याचंही तसंच. समजा रेडीरेकनरने, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दराने, घर ४० लाखांचं आणि दस्त ३० लाखांचा केला. फरक दहा टक्क्यांच्या वर गेला, त्यामुळे तुमचा नफा ४० लाख धरूनच मोजणार आणि वरचे दहा लाख घेणाऱ्याचं उत्पन्न म्हणून त्याच्या माथी येणार. खरोखरच भाव पडला असेल तर आयकर अधिकाऱ्याकडे सरकारी मूल्यांकन मागता येतं, तो रस्ता सरळ आहे. आणि कराची एवढी धास्ती कशाला? घर दोन वर्षांहून जास्त काळ तुमच्या नावावर असेल तर नफ्यावर साडेबारा टक्के. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं असेल तर महागाईचा निर्देशांक लावून वीस टक्क्यांनी मोजायचीही मुभा आहे, कमी पडेल ते भरा. दोन वर्षांत दुसरं घर विकत घेतलं किंवा तीन वर्षांत बांधलं तर त्यात घातलेल्या नफ्यावर सूट मिळते. चांगला सीए गाठा, व्हॉट्सअॅपवर विसंबू नका.

तिसरा: ‘किंमत चढीच सांगा, उतरता येतं.’ उतरता येतं, पण तोवर बघणारे दुसरीकडे संचकार देऊन बसतात. चार महिने तीच पाटी दिसली की ‘त्या घरात काहीतरी गोम आहे’ असं लोक आपसांत बोलतात. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, बघता येते. आपल्याच गल्लीत गेल्या वर्षभरात दस्त कितीला झाले ते बघा (आकडे कधी कधी लाजून कमी सांगतात, तेवढं धरून चला) आणि पहिल्या दिवशीच बोलण्यासारखा भाव लावा. गिऱ्हाईक कधी फिरतं तेही बघा. विटा-आटपाडीकडचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, देशभर पांगलेले, दिवाळीला नाहीतर गावच्या यात्रेला येतात. पितृपंधरवड्यात पाटी लावून कोण येणार?

चौथा: ‘कर्ज असेल तर आधी फेडा, त्याशिवाय घर विकता येत नाही.’ हे साफ चूक. आपल्या बँकेकडून बाकीचं पत्र घ्या. घेणाऱ्याची बँक तेवढ्याचा डिमांड ड्राफ्ट थेट तुमच्या बँकेच्या नावे काढते, उरलेलं तुम्हाला मिळतं. बदलत्या व्याजाच्या गृहकर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंड नाही. कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. फक्त बोजा, म्हणजे मिळकतीच्या कागदावरची कर्जाची नोंद, उतरवून घ्यायला विसरू नका. मला तर कर्जातलं घर लिहायला सोपं वाटतं, त्याचे कागद बँकेच्या वकिलाने एकदा चाळलेले असतात.

पाचवा, आणि याचा मला खरा राग आला: ‘पुराचं बोलू नका. रंग मारा, डाग जातात.’

हे सांगलीत? इथलं शेंबडं पोरसुद्धा विचारतं, २०१९ ला पाणी कुठवर होतं? कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ च्या वर गेलं. २००५ आणि २०२१ शेजाऱ्यांच्याही तोंडपाठ आहे. लपवून लपत नाही, आणि लपवलंत तर कायदाही तुमच्या बाजूने नाही. आपल्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला सहज न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे, हे त्याच १८८२ च्या कायद्यात आहे.

उलट मोजून सांगा. ४५ फुटांना ज्याच्या उंबऱ्याला पाणी लागतं ते घर आणि फक्त २०१९ लाच ज्याच्या दोन पायऱ्या भिजल्या ते घर, यांची किंमत एक कशी असेल? तुम्ही गप्प बसलात की गिऱ्हाईक दोन्हीला सारखंच भितं. गावभागातले एक निवृत्त गुरुजी आठ महिने अडकले होते. शेवटी त्यांनी भिंतीवरची खूण पुसायची सोडून तिच्याशेजारी तारीख आणि आयर्विनचे फूट ऑइलपेंटने लिहिले. तळमजल्यावर नुसतं गोदाम करू बघणारा एक व्यापारी ते वाचून आत आला. पाणी कधी येतं हे कळलं की माल कधी वर न्यायचा हे त्याला कळत होतं. पुढच्या आठवड्यात त्यांचा संचकार मीच लिहिला. चेकने.