जंतूंना वेष बदलायला लसीने शिकवलं?

घरच्या ग्रुपवर पुन्हा तोच मजकूर आलाय: 'पूर्वी जंतू साधे होते. लसी आणि अँटिबायोटिकच्या माऱ्यामुळे ते अंगावरची प्रथिनं बदलायला शिकले. आता ना औषध चालतं, ना लस.' एकेक वाक्य घेऊ.

'पूर्वी जंतू साधे होते.' 1877 साली दुष्काळाने देशावरची माणसं मुंबईत लोटली होती आणि शहरात एक ताप पसरला होता. हेन्री वॅनडाइक कार्टर या डॉक्टरने रुग्णांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तर त्यात स्क्रूसारखे पिळदार जंतू वळवळत होते. पाच-सात दिवसांनी घाम फुटून ताप उतरायचा, रक्तात जंतू दिसेनासे व्हायचे. आठवडाभराने ताप उलटायचा आणि जंतू पुन्हा हजर! उवांमधून पसरणारा हा बोरेलिया. त्याच्याकडे अंगावरच्या प्रथिनाची बरीच जनुकं असतात, पण चालू एका वेळी एकच. अँटीबॉडी त्या प्रथिनाला ओळखून जंतूंचा फडशा पाडतात. ज्या मोजक्यांचं दुसरं जनुक चालू झालेलं असतं ते निसटतात, वाढतात, ताप उलटतो. तेव्हा कुठल्याही जिवाणूवर माणसासाठी लस नव्हती आणि पेनिसिलिन यायला 60 हून जास्त वर्षं होती. मग यांची शिकवणी घेतली कुणी?

'शिकले' हा शब्दच चुकीचा. याच जंतूचा गोचिडीतून पसरणारा एक भाऊबंद आहे. प्रयोगशाळेत त्याच्या एकाच पेशीपासून वाढवलेल्या पिलावळीत वीसहून जास्त वेगवेगळे अंगरखे निघाले. जनुकांची ही अदलाबदल आपोआप, आंधळेपणाने होत राहते. समोर अँटीबॉडी असोत वा नसोत.

'औषध चालत नाही.' ही तर खिचडी झाली. घसा धरणाऱ्या 'स्ट्रेप्टोकॉकस ए' या जंतूच्या अंगावरच्या 'एम' प्रथिनाचे 200 हून अधिक प्रकार आहेत. एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्याला पुरेलच असं नाही, म्हणून पोरांचा घसा पुन्हा पुन्हा धरतो. (यावर बाजारात लस नाही, म्हणजे तीही आरोपी नाही.) पण पेनिसिलिन त्याला आजही लागू पडतं. ते घाव घालतं पेशीभित्तिका बांधणाऱ्या यंत्रणेवर. एम प्रथिनाशी त्याला देणंघेणं नाही.

'लस चालत नाही.' यात एक कण खरा आहे, तो नाकारायचं कारण नाही. डांग्या खोकल्याच्या लसीचा एक प्रकार मोजक्या शुद्ध प्रथिनांपासून बनतो आणि त्यातल्या बऱ्याच लसींत पेर्टॅक्टिन हे जंतूच्या अंगावरचं प्रथिन असतं. ती लस वापरणाऱ्या काही देशांत पेर्टॅक्टिन नसलेले जंतू वाढले. म्हणजे लसीने निवड केली. पण लसीत इतर घटकही असतात, त्यामुळे संरक्षण टिकून राहिलं. आपल्या सरकारी कार्यक्रमातल्या पेंटाव्हॅलेंटमध्ये (पाच आजारांवरच्या एकत्र लसीत) तर डांग्या खोकल्याचा अख्खा मारलेला जंतूच असतो. एक प्रथिन गळलं तरी ओळखायला बाकीची आहेत. आणि त्याच सुईतून जाणाऱ्या धनुर्वात-घटसर्पाच्या लसी जंतूच्या अंगाकडे बघतही नाहीत, थेट त्याच्या विषाला गाठतात.