चौपट पॉवर दिली, तरी एचएफवरचा डेटा रेंगाळतोच का?

हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींच्या ग्रुपांवर एचएफबद्दल (3 ते 30 मेगाहर्ट्झच्या शॉर्टवेव्ह लहरी) एक सल्ला हमखास फिरतो: “एचएफवर डेटा अडतोय? पॉवर वाढवा. मोडेम अ‍ॅडॅप्टिव्ह आहे, चॅनल बघून वेग स्वतः बदलतो, बाकीचं तो बघून घेईल. सेकंदाला पाच हजार बिटांचा वेग कुठे गेला नाही.”

आधी पॉवर. 100 वॉटचे 400 केले की 6 डीबी (डेसिबल) हाती लागतात. सिग्नल नॉइजमध्ये बुडत असेल, तर ते कामाचेच. पण बरेचदा दुखणं वेगळं असतं. एकच सिग्नल वातावरणाच्या वरच्या थरावरून, आयनोस्फिअरवरून, परतत एका उडीने आणि दोन उड्यांनी असा दोनदा पोचतो. मिल-स्टँडर्ड 188-110 या लष्करी मोडेम मानकाच्या सिरियल टोनमध्ये (एकाच टोनवर डेटा पाठवण्याची पद्धत) सेकंदाला 2400 सिम्बॉल, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, जातात, म्हणजे एक सिम्बॉल जेमतेम 0.42 मिलिसेकंदाचा. दुसरा मार्ग 2 मिलिसेकंद उशिरा आला, की चालू सिम्बॉलवर पाच घरं मागचा येऊन बसतो. पॉवर चौपट केली, तर ही मागून येणारी नक्कलही चौपट!

एस/एन (नॉइजच्या तुलनेत सिग्नल) चांगला दिसतोय, तरी फ्रेम (डेटाचे गठ्ठे) पुन्हा पुन्हा मागवल्या जातायत, तर पॉवरला हात लावू नका. फ्रिक्वेन्सी एमयूएफच्या, म्हणजे त्या वेळी त्या मार्गावर चालणाऱ्या सर्वांत वरच्या फ्रिक्वेन्सीच्या, जवळ न्या. तिथे मार्ग कमी उरतात. अगदी चिकटून मात्र नको, एमयूएफ घसरली की लिंकच तुटते. एमयूएफच्या 85 टक्क्यांचा जुना हिशेब बरा.

तरीही फरक नाही? मग ड्राइव्ह, म्हणजे रेडिओला दिलेला ऑडिओ, बघा. स्पीच प्रोसेसर बंद, आणि ऑडिओ एएलसीचा (पॉवर आपोआप आवरणारी सोय) काटा हलणार नाही इतकाच. एकाच वेळी अनेक टोन पाठवणाऱ्या मल्टी-टोन सिग्नलची शिखरं सरासरीच्या बरीच वर असतात. सरासरी मीटरवर 100 वॉट दिसावेत म्हणून ऑडिओचा कान पिळलात, तर शिखरं छाटली जातात आणि टोन एकमेकांत घुसतात.

आता “मोडेम बघून घेईल”. स्टॅनॅग 5066 या एचएफ डेटाच्या नाटो मानकामध्ये वेग बदलतो तो दोन प्रक्षेपणांच्या मध्ये, आणि एक प्रक्षेपण दोन मिनिटांपर्यंत चालू शकतं. फेडिंग, म्हणजे सिग्नलचा चढउतार, तर सेकंदासेकंदाला होतं. ते झेलतात एरर करेक्शन (चुका दुरुस्त करणारं कोडिंग) आणि इंटरलीव्हर (बिट वेळेत विखरून पाठवणारा). 188-110 चा लांब इंटरलीव्हर 4.8 सेकंदांचा, त्यामुळे दोन ओळींच्या निरोपाला मजकुरापेक्षा वाट पाहणंच जास्त. शिवाय फ्रिक्वेन्सी निवडणं मोडेमचं कामच नाही. ते एएलईचं (लिंक आपोआप जोडणारी यंत्रणा), नाहीतर तुमचं.

राहिला वेग. पॅक्टर-3 या हॅमांच्या एचएफ डेटा पद्धतीचे सेकंदाला 5200 बिट हे कॉम्प्रेशन धरून. त्याशिवाय सुमारे 2700, तेही चॅनल उत्तम असताना. झिप किंवा जेपीईजी फाइल आधीच दाबलेल्या असतात, त्यांना पहिला आकडा कधीच लागू होत नाही.